रेषेवर पोट भरते काय?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी कौटुंबिक संमेलनात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या संमेलनात ज्येष्ठ सभासदाने काय बोलावयाचे हे बहुधा ठरलेले असते. गोंदियाहून नैनपूरमार्गे येणारी ती छोटी गाडी, वळकट्या आणि ट्रंका, भाड्याच्या दोन खोल्या, पहिला गणपती कोणाच्या ओसरीवर बसला आणि पहिल्या वर्षी वर्गणी किती जमली. हे सारे आम्ही रौप्यमहोत्सवात सांगितले, चाळिसाव्या वर्षी पुन्हा सांगितले, आणि आता ती छोटी लाइनही राहिली नाही, तिची ब्रॉडगेज झाली. म्हणून या वेळी चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही ‘व्यंगचित्रे आणि कार्टूनपट’ असे उत्तर दिले. चिटणीस सभ्य गृहस्थ आहेत. ते काही बोलले नाहीत. आमच्या प्रकृतीची चौकशी मात्र त्यांनी त्या दिवशी दोनदा केली.

विषयाचे कारण सांगतो. गेल्या उन्हाळ्यात मंडळाचे एक सभासद सायंकाळी आमच्याकडे आले. त्यांची कन्या बारावीला उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेली. गणितात तर विशेष. जबलपुरातल्या आपल्या लोकांचा मार्ग आखलेला आहे. अभियांत्रिकी, बँक, नाहीतर संरक्षण खात्याचा एखादा कारखाना. मुलगी त्याच मार्गाने जाईल अशी घरच्यांची समजूत होती. ती म्हणू लागली की आपण ॲनिमेशन शिकणार, कार्टूनपट काढणार. एका संस्थेची प्रवेशपरीक्षा तिने कोणाला न सांगता दिलीही होती, आणि तीत तिची निवड झाली नव्हती. आता एक वर्ष घरी बसून ती पुन्हा परीक्षा देणार होती. ‘काका, आपल्या लोकांत हे कोणी करीत नाही. तुम्ही तिला दोन शब्द समजावून सांगा,’ असे ते गृहस्थ म्हणाले. त्यांचा स्वर रागाचा नव्हता, भयाचा होता, हे आम्ही येथे मुद्दाम नमूद करतो.

ती मुलगी आज या सभागृहात बसली आहे. तिचे नाव घेणार नाही असे वचन आम्ही तिला दिले आहे, तेव्हा कृपया कोणी माना वळवून शोधू नये.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या घरी गेलो. समजावून सांगण्याचे साहित्य आमच्यापाशी पुष्कळ होते. इतक्या वर्षांत अनेक घरी ते वापरून झाले आहे. पण आम्ही घसा साफ करतो न करतो तोच तिने विचारले, ‘आजोबा, तुम्ही शेवटचे कार्टून कोणते पाहिलेत?’ आम्ही स्मरणाला ताण दिला आणि दूरदर्शनवर लागत असे ते, ‘एक अनेक और एकता’, असे सांगितले. ‘ते तर उत्तमच आहे,’ ती म्हणाली आणि आत जाऊन आपल्या वह्या घेऊन आली. समजावून सांगण्याचा कार्यक्रम तेथेच संपला. पुढचे दोन तास आम्ही ऐकत होतो.

या मुलीची मते फार आहेत. सतराव्या वर्षी ती असावीतच. तिचे पहिले मत असे की ज्या व्यंगचित्राला खाली ओळ लिहावी लागते ते अर्धे व्यंगचित्र. घरातल्या जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा तिने पालथा घातलेला आहे, आणि त्यातून तिने आपले दैवत निवडले आहे ते शि. द. फडणीस. बेळगाव जिल्ह्यातल्या भोज या गावी जन्मलेल्या आणि २०२५ साली वयाची शंभर वर्षे पूर्ण केलेल्या या चित्रकाराने ‘हंस’ आणि ‘मोहिनी’ यांच्या मुखपृष्ठांवरून शब्दावाचून हसविले. बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांतही त्यांनी चित्रे काढली. आपल्या मुलांच्या वाट्याला मध्य प्रदेशाची पाठ्यपुस्तके आली, म्हणून ती चित्रे त्यांना वर्गात भेटली नाहीत. या मुलीने ती पुण्याच्या मावसभावाच्या जुन्या पुस्तकात पाहिली, आणि गणिताची गोडी आपल्याला तेथून लागली असे ती सांगते. वडील ज्या गणिताच्या गुणांवर तिला अभियंता करू पाहतात, त्या गुणांचे मूळ असे चित्रात निघाले.

तिच्या या मताशी आम्ही सहमत झालो नाही. आम्ही तिला आर. के. लक्ष्मण यांच्या सामान्य माणसाची आठवण दिली. तो गृहस्थ इतक्या वर्षांत एक शब्द बोलला नाही. पण त्याच्या भोवतीची माणसे अखंड बोलत राहिली, म्हणूनच तो गप्प आहे हे आपल्याला कळले. खालची ओळ काढून टाका, आणि ते मौनही नाहीसे होईल. ती थोडा वेळ विचार करीत बसली आणि मग ‘हे बरोबर आहे’ असे म्हणून तिने ते वहीत टिपून घेतले. आमचे म्हणणे कोणी टिपून घेण्याचा प्रसंग अलीकडे दुर्मीळ झाला असल्याने आम्हांस बरे वाटले, हे कबूल करतो.

दुसरे मत दूरचित्रवाणीवरच्या मालिकांविषयी. त्यांत माणसे उभी राहून बोलतात तेव्हा केवळ ओठ आणि पापण्या हलतात, बाकीचे शरीर दगडासारखे असते. आणि चालतात तेव्हा तीच आठ-दहा पावले पुनःपुन्हा दाखविली जातात. आम्ही म्हटले, आळस, दुसरे काय. ती म्हणाली, आळस नव्हे आजोबा, हिशेब. मग तिने तो हिशेब मांडला. चित्रपटाच्या पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. कार्टूनपटात बहुधा एक चित्र दोन चौकटींपुरते ठेवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रे, मिनिटाला ७२०, दहा मिनिटांच्या चित्रपटाला ७,२००. यातली प्रत्येक रेषा माणसाच्या हाताने काढावयाची. मालिकेचा नवा भाग ठरल्या दिवशी आणि ठरल्या पैशांत द्यावयाचा असेल, तर शरीर स्थिर ठेवून ओठ हलविण्यावाचून गत्यंतर नसते. हैदराबादेत निघालेल्या आणि २००८ साली सुरू झालेल्या ‘छोटा भीम’वर तिची टीका पुष्कळ आहे, पण तो हिशेब मांडून झाल्यावर ती म्हणाली की त्या मालिकेने कितीतरी चित्रकारांच्या घरची चूल पेटती ठेवली, हेही लिहिले पाहिजे. टीकाकाराला इतकी जाण असली तर पुष्कळ झाले.

तिसऱ्या मतावर आमचा वाद रंगला. आपल्याकडच्या मोठ्या कार्टूनपटांत देवच का? व्ही. जी. सामंत आणि मिलिंद उके यांनी दिग्दर्शित केलेला ‘हनुमान’ २००५ साली आला आणि मुलांनी डोक्यावर घेतला. २०२५ साली ‘महावतार नरसिंह’ने चित्रपटगृहे भरली. तिचे म्हणणे, निर्माते प्रेक्षकाला भितात, म्हणून ओळखीच्या कथेचा आधार घेतात. आम्ही उलट म्हणालो की पुराणकथा आणि कार्टूनपट यांचे नाते स्वाभाविक आहे. जे कॅमेऱ्याला अवघड ते रेषेला सोपे, समुद्रावरून उड्डाण करणारा मारुती हा तर रेषेसाठीच जन्मलेला. यावर तिने जे उत्तर दिले ते आम्ही तिच्याच शब्दांत सांगतो. ‘आजोबा, उडणारा मारुती काढणे सोपे आहे, कारण उडताना कोणी कोणाला पाहिलेले नाही. ओट्यापासून उठताना गुडघ्यावर हात ठेवणारी माझी आजी काढणे अवघड, कारण ती रोज सगळ्यांना दिसते.’

बंधुभगिनींनो, घरी परत येताना आम्ही ‘आपल्या लोकांत हे कोणी करीत नाही’ या वाक्याचा विचार करीत होतो. घरी येऊन आम्ही वाचन सुरू केले. ते वाक्य खरे नाही असे आम्हांस आढळले, आणि ते किती खरे नाही हे सांगावे म्हणून आज उभे आहोत.

मुंबईहून येणारी रेल्वे आणि कलकत्त्याकडून येणारी रेल्वे आपल्या या जबलपुरात एकमेकींस मिळाल्या त्या मार्च १८७० मध्ये. त्याच्या पुढच्याच महिन्यात त्र्यंबकेश्वरी धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म झाला. जे. जे. कलाशाळेत शिकलेला हा चित्रकार १९१२ साली लंडनहून कॅमेरा घेऊन आला तेव्हा हाती पैसा नव्हता, आणि चित्रपटासाठी कर्ज देण्याची कोणाची तयारी नव्हती. तेव्हा त्यांनी काय केले? कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा रोखून ठेवला, आणि महिनाभर त्या अंकुराच्या थोड्या थोड्या चौकटी टिपल्या. पडद्यावर ते रोप क्षणार्धात मातीतून वर आले आणि वाढले. ते पाहून सावकाराचे मन वळले. चौकट एकेक टिपावयाची आणि ती सलग दाखवावयाची, हेच तर ॲनिमेशनचे बीज. म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’ जन्माला येण्यापूर्वी ही कला त्या घरात आली होती. पुढे १९१५ च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात त्यांनी आगपेटीतल्या काड्या नाचविल्या.

येथे सरस्वतीबाई फाळके यांचे स्मरण करावयास हवे. दागिने त्यांनी दिले, हे सर्वांस ठाऊक असते. पण फिल्मच्या कडांना भोके पाडणे, ती धुणे, उन्हात पांढरी चादर धरून प्रकाश परतविणे ही कामे त्यांनी केली, आणि साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही केला. दादासाहेबांचे उत्तरायुष्य ओढगस्तीत गेले, तेही लपविण्याचे कारण नाही. मुलीच्या वडिलांना आम्ही ही कथा सांगितली तेव्हा हा शेवट गाळला नाही.

पुढे १९३४ साली पुण्यात प्रभात कंपनीने ‘जंबूकाका’ हा कार्टूनपट काढला. तो रघुनाथ केळकर यांच्या हातचा. स्वातंत्र्यानंतर १९५६ साली मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टूनचा विभाग निघाला. तेथे शिकवायला डिस्नेच्या चित्रशाळेत काम केलेले क्लेअर वीक्स आले. हे गृहस्थ जन्मले होते भारतातच. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या चित्रकारांनी १९५७ साली जातककथेवरचा ‘द बॅनियन डिअर’ केला. त्यांत जी. के. गोखले होते, आणि पुढे भारतीय ॲनिमेशनचे जनक म्हणून ओळखले गेलेले राम मोहन होते. मद्रासेत रसायनशास्त्राचा अभ्यास सोडून ते या वाटेला आले होते. त्या घरीही कोणीतरी काका समजावून सांगण्यास गेले असतील अशी आमची खात्री आहे.

आता आम्हांस ज्यांच्याविषयी विशेष सांगावयाचे आहे त्या विजया मुळे. आम्ही त्या मुलीला ‘एक अनेक और एकता’चे नाव सांगितले ते केवळ अब्रू वाचविण्यासाठी, त्यामागे कोण आहे हे आम्हांस ठाऊक नव्हते. १९७४ सालचा हा सुमारे सात मिनिटांचा चित्रपट भीमसैन यांनी दिग्दर्शित केला. लहान मूल आपल्या दीदीला विचारते की एक म्हणजे काय आणि अनेक म्हणजे काय, आणि दीदी जाळ्यासकट उडून गेलेल्या पक्ष्यांची गोष्ट सांगते. आपल्या मुलांनी हे दूरदर्शनवर शेकडो वेळा पाहिले आहे. पुष्कळांना ते तोंडपाठ आहे. त्याची पटकथा लिहिण्यात आणि तो घडवून आणण्यात विजयाबाई होत्या, संगीत वसंत देसाई यांचे, आणि त्यातला बालस्वर साधना सरगम यांचा. हिंदीतल्या या चित्रपटात मराठी माणसे इतकी, आणि आपण मात्र तो ‘त्यांचा’ म्हणून पाहत आलो.

विजयाबाईंचा जन्म १९२१ सालचा, मुंबईचा. पण विवाहानंतर त्या गेल्या पाटण्यास. पाटणा! आपल्यासारखेच परमुलुखात, तेथेही दळणाच्या डब्यापासून शेजाऱ्याशी बोलण्यापर्यंत सारे नव्याने शिकावयाचे. तेथे राहून त्यांनी पदवी घेतली, शिष्यवृत्ती मिळवून इंग्लंडात लीड्सला शिक्षणशास्त्र शिकल्या, परत येऊन पाटण्यात फिल्म सोसायटीच्या कामात पडल्या. पुढे दिल्लीला शिक्षणासाठीच्या चित्रपटांचे काम त्यांनी केले. २०१९ साली वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी त्या गेल्या. साऱ्या देशातल्या मुलांना एकत्वाची गोष्ट सांगण्याचे सुचले ते घर सोडून दूर राहिलेल्या बाईला, यात आम्हांस आश्चर्य वाटत नाही. एक आणि अनेक यांचा हिशेब आपल्याला रोज करावा लागतो. सकाळी दूधवाल्याशी हिंदी, दुपारी कचेरीत इंग्रजी, सायंकाळी देवापुढे मराठी. आणि ‘आपल्या लोकांत हे कोणी करीत नाही’, असे आपण म्हणतो.

जबलपूरची हवाही या मुलांना प्रतिकूल नाही. राज्यघटनेच्या मूळ प्रतीत प्रास्ताविकेचे पान ज्यांनी सजविले ते ब्योहार राममनोहर सिन्हा याच गावचे. गोलबाजारातल्या शहीद स्मारकाच्या भिंतींवरची त्यांची चित्रे आपण येता-जाता पाहतो, किंवा पाहत नाही. शिक्षकाची नोकरी सोडून केवळ लेखणीवर जगण्याचे धाडस हरिशंकर परसाई यांनी केले ते याच गावात, आणि त्यांचा व्यंग्याचा चटका असा की व्यंगचित्रकारांनी शिकवणी लावावी.

आता जे सांगणार आहोत ते सांगण्यास आम्हांस इतकी वर्षे लागली.

मंडळाच्या आरंभीच्या काळात गणेशोत्सवाला हस्तलिखित निघत असे. तेव्हा आम्ही चिटणीस होतो. आपल्यातला एक तरुण त्या अंकाची सजावट करी. अक्षर मोत्यासारखे आणि रेषा त्याहून देखणी. एके वर्षी त्याने एका पानावर चार चौकटी काढल्या. पहिल्या चौकटीत अध्यक्ष ‘दोन शब्द’ बोलावयास उभे आहेत आणि समोर एका बाईच्या कडेवर मूल आहे. दुसऱ्या चौकटीत अध्यक्ष तसेच उभे, मूल शाळेच्या दप्तरासह. तिसरीत मुलाला मिसरूड फुटलेली. चौथीत त्या मुलाच्या कडेवर मूल, आणि अध्यक्ष पाण्याचा पेला उचलताहेत. खाली एकही ओळ नव्हती.

आम्ही ते पान फाडले. अंक अध्यक्षांच्या हाती देण्याच्या आदल्या रात्री, कोणास न विचारता. अध्यक्ष दुखावतील, देणग्या थांबतील, परगावी आपसांत फूट नको, अशी कारणे आम्ही त्या तरुणाला सांगितली. तो काही बोलला नाही. पुढच्या वर्षी त्याने सजावट केली, पण नुसत्या वेलबुट्ट्या काढल्या. मुंबईला कलाशाळेत जाण्याचे त्याच्या मनात होते. त्याच्या वडिलांनी आमचा सल्ला विचारला, आणि आम्ही तो दिला. तो एका कारखान्यात लागला, नियमाने निवृत्त झाला, त्याने मुलींची लग्ने उत्तम केली. त्याचे वाईट झाले असे कोणी म्हणणार नाही. काही वर्षांपूर्वी तो वारला. त्याच्या पत्नीला आम्ही विचारले की घरी काही चित्रे आहेत काय. त्या म्हणाल्या, ‘चित्रे? ते चित्रे काढीत असत?’

ज्या अध्यक्षांसाठी आम्ही ते पान फाडले त्यांना विनोदाची मोठी आवड होती. त्यांना ते चित्र कधी दिसलेच नाही. आणि त्या चार चौकटींत मूल वाढत होते, काळ सरकत होता. तो तरुण चलच्चित्रच काढीत होता, हे आम्हांस कळले गेल्या उन्हाळ्यात, त्या मुलीच्या वह्या पाहताना.

तेव्हा मुलीच्या वडिलांना आम्ही काय सांगितले? ‘जाऊ द्या, सर्व ठीक होईल’ असे आम्ही म्हटले नाही. तसे म्हणणे लबाडीचे झाले असते. रेषेवर पोट भरते काय, याचे उत्तर असे की भरते, पण अभियंत्याच्या पगाराशी तुलना करू नये, निदान पहिली काही वर्षे. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था आहे. तशीच संस्था आता आपल्या राज्यात भोपाळलाही आहे. मुंबईच्या आयआयटीत डिझाइनचे शिक्षण मिळते. प्रवेश कठीण, आणि तो चित्रकलेच्या सफाईपेक्षा निरीक्षणावर मिळतो असे मुलगी सांगते. खासगी वर्ग गल्लोगल्ली आहेत. त्यांतले काही चांगले, काही केवळ शुल्क घेणारे. चित्रशाळेत लागल्यावर आरंभी वाट्याला येते ते दुसऱ्याच्या दोन चित्रांमधली चित्रे भरण्याचे किंवा संगणकावर दुसऱ्याच्या बाहुलीला सांधे बसविण्याचे काम. परदेशी कंपन्यांचे काम येते तेव्हा रात्री जागतात, नसते तेव्हा माणसे कमी करतात. श्रेयनामावलीत नाव येते ते प्रेक्षक उठून चपला शोधू लागल्यावर.

आणि आता यंत्र आले आहे. मार्च २०२५ मध्ये संगणकाला छायाचित्र द्यावे आणि त्याने ते जपानच्या जिबली चित्रशाळेच्या ढंगात काढून द्यावे, असे वेड जगभर पसरले. आपल्या मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर त्या आठवड्यात सर्व कार्यकारिणी मोठ्या डोळ्यांची झाली होती; आमचेही एक चित्र होते, आणि ते आम्हांस आवडलेही होते. ती मुलगी त्या आठवड्यात कोणाशी बोलली नाही. त्याच चित्रशाळेच्या हायाओ मियाझाकी यांच्या २०१३ सालच्या चित्रपटात गर्दीचे चार सेकंदांचे एक दृश्य आहे. ते पुरे करण्यास एका चित्रकाराला एक वर्ष तीन महिने लागले. हे तिने आम्हांस सांगितले तेव्हा गटावरचे आपले चित्र आम्ही काढून टाकले. यंत्र तिचे काम घेईल काय? काही काम निश्चित घेईल, आणि मधली चित्रे भरण्याचे काम, ज्यावर नवशिके शिकतात, तेच आधी घेईल. ही चिंता तिच्या वडिलांनी बोलून दाखविली आणि ती खरी आहे. तिने एवढेच म्हटले की यंत्राला आजी नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून निघालेल्या गीतांजली राव यांनी आपला ‘प्रिंटेड रेनबो’ घरी बसून, बहुतांशी एकटीने, चित्रामागून चित्र रंगवून केला. २००६ साली कान महोत्सवातल्या समीक्षक सप्ताहात त्याला पुरस्कार मिळाले. त्यातही एक वृद्ध स्त्री आहे, आणि तिच्या आगपेट्या आहेत. फाळक्यांच्या काड्या शंभर वर्षांच्या आत अशा पुन्हा पेटलेल्या पाहून आम्हांस गंमत वाटली. मुलीच्या आजींना तो चित्रपट दाखविला तेव्हा त्या पुष्कळ वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर ‘मांजर छान काढले आहे’ असे म्हणाल्या.

या आजींचा विरोध घरात सर्वांत मोठा होता, वडिलांहून अधिक. मुलीने एकटीने परगावी राहावयाचे, तेही कार्टून काढायला! मुलीने वाद घातला नाही. तिने आजींना म्हटले, मला वाती वळताना तुम्हांला काढावयाचे आहे, चार संध्याकाळी माझ्यासमोर बसा. आजी कुरकुरत बसल्या. पहिल्या संध्याकाळची चित्रे पाहून म्हणाल्या, ‘अग, अंगठा असा नाही सरकत. कापूस आधी तुटतो, मग वळतो. तू तर दोरी वळते आहेस.’ दुसऱ्या संध्याकाळी त्या मुद्दाम सावकाश वळत होत्या. तिसऱ्या संध्याकाळी तळहाताला राख लावून बसल्या, कारण हात घसरतो तेव्हा राख लावतात आणि ते चित्रात यावयास हवे, असे त्यांचेच म्हणणे. चौथ्या संध्याकाळी ९६ चित्रे पुरी झाली. आठ सेकंदांचा चित्रपट.

वडिलांनी तिला एक वर्ष दिले आहे. ते केवळ एकच आहे असे त्यांनी स्पष्ट सांगितले आहे, आणि या बाबतीत आम्ही त्यांना अधिक गळ घातली नाही. परीक्षेत यश येईल की नाही हे आज कोणास सांगता येणार नाही. आजींनी अजून होकार दिलेला नाही; पण परवा त्यांनी विचारले म्हणे, अहमदाबादेत वसतिगृहात जेवण तिखट असते की गोड.

मंडळाकडे आमची दोन मागणी आहेत. आपल्या शिष्यवृत्ती निधीच्या नियमांत ‘वैद्यकीय व अभियांत्रिकी’ असे शब्द आहेत. ते शब्द आम्हीच चिटणीस असताना लिहिले. ते बदलण्याचा ठराव आम्ही येत्या सर्वसाधारण सभेत मांडणार आहोत. अनुमोदक हवा आहे. दुसरे, या सुवर्णमहोत्सवी ग्रंथात कार्यकारिणीची छायाचित्रे दोन पाने भरून येणार आहेत. त्यांच्या समोरचे एक पान कोरे ठेवून ते त्या मुलीस द्यावे. तिने आपल्यापैकी कोणाचे चित्र काढले तरी ते तसेच छापावे. संपादक मंडळाने होकार दिला आहे, परंतु अध्यक्षमहाराजांस आम्ही अद्याप विचारलेले नाही. येथे सर्वांसमक्ष विचारले म्हणजे त्यांना नाही म्हणता येणार नाही, म्हणून आजवर थांबलो.

आम्ही दोन शब्दांपेक्षा फार अधिक बोललो, आणि मागच्या रांगेत एक मूल कडेवर आहे ते आमच्या लक्षात आहे. पडदा बांधलेला आहे. त्या आठ सेकंदांचा चित्रपट आता दाखविण्यात येईल. पहिल्या वेळी आपण सावरून बसेपर्यंत तो संपेल, म्हणून तो तीनदा लावण्यास आम्ही सांगितले आहे. दिवे मालविणाऱ्यांनी कृपया दिवे मालवावेत.